खेकडा कुणी धरला

चिंचपाडा
रविवार, १३ जुलै २०२५

दानियल,

सलाम लिहीत नाही. आज चर्चमध्ये सगळ्यांना सलाम करून झाला, तुझ्या वाटणीचा शिल्लक राहिला नाही.

मी फोन का उचलत नाही, असं तू आईला विचारलंस. आईने मला विचारलं. मी म्हटलं, रेंज नसते. तुझ्या आईला ते पटलं नाही. खरं कारण हे की फोनवर मी काही सांगायला लागले की मधेच तू मागे कोणाला तरी "हो, आलोच" म्हणतोस. ते कोण, हे मला माहीत आहे. पत्राला मधेच "हो, आलोच" म्हणता येत नाही, म्हणून पत्र लिहितेय.

ईस्टरला घरी आलास तेव्हा सगळं मयूरीपुराण ऐकलं. मयूरीने ब्लास्ट शिकवलं, मयूरीने अक्षरं जुळवून दिली, मयूरी असा काही संगणक चालवते की बघत राहावं. आईने ताटात भाकरी टाकता टाकता विचारलं, ही मयूरी कोण रे? तू म्हणालास, लॅबमधली मैत्रीण, आपल्याच जिल्ह्यातली, ब्राह्मणपुरीच्या पाटलांची. केळी आहेत, पपई आहे, घरचं सगळं बरं आहे. तिच्या घरच्या केळीचं तुला एवढं कौतुक कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

मी विचारलं, ब्लास्ट म्हणजे काय? तू म्हणालास, "सोड ना प्रिस्किला, तुला काय करायचंय."

ते वाक्य मी सोडलेलं नाही. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्रात वर्गात पहिली कोण होती? खेकड्याची चिरफाड करताना नर कुठला, मादी कुठली, हे तुला कोणी दाखवलं होतं? पोटाखालची झडप अरुंद तो नर, एवढंही तुझ्या डोक्यात राहत नव्हतं. तू पुण्याला पीएच.डी. करायला गेलास आणि मी आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला लागले, कारण घरात दोघांनी एकदम शिकून चाललं नसतं. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. आज करते आहे.

तर ऐक. मीही शिकणार आहे. तुम्ही ज्या जागी दिवसभर बसता, ती जीवांच्या नोंदींची वेबसाइट सगळ्यांना उघडी आहे, तिथे पाटलांनाच आत सोडतात असं काही नाही, हे मी बघितलं. मला एवढंच जाणून घ्यायचंय की तू अजून माझा आहेस की नाहीस. विचारलं तर तू हसण्यावारी नेशील. म्हणून तुमची ती जागाच बघून येते.

प्रिस्किला


चिंचपाडा
२६ जुलै

दानियल,

शाळेतल्या संगणकाला वीज असते तेव्हा नेट नसतं, आणि दोन्ही असतं तेव्हा मुख्याध्यापक त्यावर बसलेले असतात. म्हणून मोबाइलवर शिकले, चर्चच्या पायऱ्यांवर बसून. तिथे रेंज चांगली येते. जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांना वाटतं मी बायबल वाचतेय. वाटू दे.

आधी मराठीत 'खेकडा' टाकलं. काही नाही. मग इंग्रजीत तुझं नाव टाकलं, तर जगभरातले दानियल धावून आले. त्यातला एक बेडकांवर काम करणारा, त्याच्या नोंदी संपता संपेनात. शेवटी एका व्हिडिओतल्या तमिळ बाईंनी वाट दाखवली. आडनाव आधी लिहायचं, मग नावाचं पहिलं अक्षर, आणि हे नाव माणसाचं आहे, जनावराचं नाही, असं त्या चौकटीला बजावून सांगायचं. तसं केलं आणि तू सापडलास.

सापडलास म्हणजे, दोघंही सापडलात. गावित, स्वल्पविराम, पाटील. एकाच ओळीत. आपल्या लग्नाच्या दाखल्यावरसुद्धा आपली नावं दोन वेगळ्या ओळींत आहेत.

नोंद खेकड्याची आहे. जात अजून ठरलेली नाही, नुसतं कुळ लिहिलंय. खाली डीएनएची साडेसहाशेच्या आसपास अक्षरं, ए सी जी टी, ए सी जी टी, नुसती रांग. मला ती आवडली. हे लिहायचं नव्हतं, पण आवडली. ओढ्यातल्या एका जीवाच्या पोटातली गोष्ट अशी उघड्यावर मांडून ठेवायची, आणि ती चिंचपाड्याच्या पायरीवर बसलेल्या बाईलाही वाचता यावी, याचं मला फार नवल वाटलं. तेवढा वेळ तुमच्या दोघांची आठवणसुद्धा झाली नाही.

पण अक्षरांच्या वर एक भाग असतो. नमुना कुठला, कधीचा, गोळा कोणी केला. हे कोण वाचत बसणार, असं तुला वाटलं असेल. मी वाचलं.

ठिकाण: भारत, महाराष्ट्र, नंदुरबार, खांडबारा. तारीख: ९ जुलै २०२४. गोळा करणारे: डी. गावित, एम. पाटील.

खांडबारा! दानियल, ते माझं माहेर आहे. गेल्या जुलैत तू फोनवर काय सांगितलं होतंस ते मला शब्दन् शब्द आठवतं. सर सोडत नाहीत, सुट्टी नाही, आता नाताळलाच येईन. आणि तू तिला घेऊन माझ्या बापाच्या गावात आलास. तिच्याबरोबर पाण्यात उतरून खेकडे धरलेस. तिथून घर गाडीने किती लांब? गाडीत चहा घ्यावा तर तो प्यायच्या आत चिंचपाडा येतं. तेवढं अंतर तुला जास्त झालं.

मी रडले नाही. आईने विचारलं, डोळे लाल का? मी म्हटलं, मिरच्या कुटत होते. आई म्हणाली, मिरच्या तर मागच्या आठवड्यातच कुटून झाल्या. तुझी आई सोमीबाई फार विचारते आणि फार लक्षात ठेवते.

तुझे मेसेज येत असतात. उघडत नाही. त्या दोन निळ्या रेघांचंही सुख तुला मिळू नये अशी माझी इच्छा आहे.

प्रिस्किला


चिंचपाडा
२ ऑगस्ट

श्रीयुत दानियल गावित यांस,
आणि शेजारी बसली असेल तर कुमारी मयूरी पाटील यांसही,

तुमची नोंद चुकलेली आहे. खुशाल बसून वाचा.

आधी मी ब्लास्ट केलं. हो, मीच केलं, आणि त्यात काही जादूबिदू नाही. तुमची अक्षरं उचलून चिकटवली, बटण दाबलं आणि वाट पाहिली. ते यंत्र जगभरच्या नोंदींशी ताडून बघतं आणि हा कोणाचा कोण ते सांगतं. पहिलंच उत्तर शंभर टक्के जुळणारं आलं. मी हुरळले. मग बघितलं तर ती तुमचीच नोंद, स्वतःशीच जुळलेली. तिच्या खालचं उत्तर थेट एक्क्याण्णव टक्क्यांवर. म्हणजे या खेकड्याचं सख्खं म्हणावं असं कोणी अजून कुठे नोंदलेलंच नाही. कदाचित हा खेकडा आजवर कोणी ओळखलेलाच नसेल. मला अर्धा मिनिट तुझा अभिमान वाटला. मग पुन्हा नावांची ओळ दिसली.

नंतर त्या अक्षरांचं प्रोटीन काढून बघितलं. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, आणि कोणत्या शब्दाचा काय अर्थ याचं कोष्टक असतं, ते आपण दोघांनी एकाच बाकावर बसून पाठ केलं होतं. काही शब्दांचा अर्थ 'इथे थांब'. असा शब्द आला की तिथे तारा दिसतो. तुमच्या खेकड्यात मधेच तारे. एक नाही, बरेच. दर चार पावलांवर 'थांब' म्हणणारं प्रोटीन घेऊन तो खेकडा जगला कसा? नमुन्यात घाण मिसळली असेल, नाहीतर अक्षरं वाचताना कोणाचं तरी लक्ष दुसरीकडे असेल. कुठे असेल, ते तुम्हालाच ठाऊक.

तुझ्या सरांचा पत्ता संस्थेच्या पानावर आहे. त्यांना मेल लिहून ठेवलाय. सभ्य भाषेत, एका विज्ञान शिक्षिकेला शोभेल असा. पाठवायचं बटण तेवढं दाबायचंय. त्याने तुझ्या प्रबंधाचं काम अडेल, हे मला कळतं. मयूरीचं नाव खराब होईल, हेही कळतं आणि तेच मला हवं आहे. मी चांगली बाई नाही असं म्हणायचं असेल तर म्हण. गेला आठवडाभर मी जेवताना, शिकवताना, प्रार्थना करतानासुद्धा तुम्हा दोघांना त्या ओढ्यात बघतेय. तिच्या सलवारीचे पाय भिजलेत आणि तू तिला हात देतोयस. मी तिला कधी पाहिलेलं नाही, तरी मला तिचे पाय दिसतात.

प्रिस्किला


चिंचपाडा
रविवार, १० ऑगस्ट

दानियल,

मेल पाठवला नाही.

आधी ताऱ्यांचं सांगते, ते सांगणं सोपं आहे. चूक तुमची नव्हती, माझी होती. हा तुकडा मायटोकाँड्रियातला आहे, आणि खेकड्यांच्या मायटोकाँड्रियाचं कोष्टक वेगळं असतं. आपण पाठ केलेल्या कोष्टकात ज्याचा अर्थ 'थांब', तो शब्द तिथे एक साधा घटक असतो. यादीतून ते दुसरं कोष्टक निवडायचं होतं, मी जे समोर होतं त्यानेच वाचत बसले. बदलल्याबरोबर सगळे तारे गेले आणि नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ वाचता आली. तरी मी मेल पुसला नव्हता. खांडबाऱ्याची गोष्ट राहिलीच होती ना.

काल आदिवासी दिनाची मिरवणूक होती. शाळेच्या मुली घेऊन खांडबाऱ्याला गेले. मुली नाचत पुढे गेल्या तशी मी स्टेशनावर सटकले, छगनभाऊच्या चहाच्या टपरीवर. तो दिवसभर तिथे असतो, कोण उतरलं आणि कोण चढलं हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. मनाशी ठरवलं होतं की उगाच विचारतेय असं दाखवायचं. पण तोंडातून सरळच निघालं. म्हटलं, "छगनभाऊ, मागच्या पावसाळ्यात दानियल इथे उतरला होता का? सोबत एक मुलगी होती का?"

तो गाळणं झटकत म्हणाला, "दानियलभाऊ? नही ताई. तो कथा उना? मागला पावसाळामा तं तुम्हीच उनात, खेकडासनं वल्लं पोतं लई सन. इसरी गयात का?"

मी म्हटलं, "मी? कधी?"

"आमना नवनीत पुनाले जाई ऱ्हायंता, त्यानाजोडे धाडं तुम्ही ते पोतं. एक खेकडा सुटना आनि मन्हा टपरीखाले घुसना! गिऱ्हाईक बाकडावर चढी बसनात. मन्हा दूधनं पातेलं सांडनं ते येगळंच." आणि तो हसायला लागला.

दानियल, मला खरंच आठवलं नव्हतं. इतके दिवस मी ती तारीख डोळ्यांसमोर धरून बसले होते, आणि त्या तारखेला खांडबाऱ्याच्या फलाटावर मीच उभी होते. गुडघे टेकून, टपरीखाली हात घालून, लोक हसत असताना, तुझा खेकडा बाहेर काढत होते.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरामागच्या टेकडीवरच्या ओहळात गेले होते. तू तीन महिने घरी आला नव्हतास आणि फोनवर म्हणाला होतास की मेसच्या वरणाचा कंटाळा आलाय. आई म्हणाली, बाजारातून घेऊन दे. मी म्हटलं, नको, बाजारातले शिळे असतात. दगड उलटून, बिळात हात घालून मी ते धरले. एकाने अंगठा असा पकडला की नख पुढे काळं पडून गळून गेलं. सगळ्यांच्या नांग्या बांधल्या, वर पळसाची ओली पानं घातली, पोतं भिजवलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीने खांडबाऱ्यापर्यंत नेऊन छगनभाऊच्या नवनीतच्या हातात दिलं, कारण तो तिथे चढणार होता.

अंगठ्याचा फोटो तुला पाठवला होता. कशाने झालं ते लिहिलं नव्हतं. तू विचारशील असं वाटलं होतं. तू उलट एक वर केलेला अंगठा पाठवलास.

छगनभाऊच्या बाकड्यावर बसून काल मी तुझे सगळे मेसेज उघडले. निळ्या रेघा मिळाल्या असतील. दोन-तीन मेसेजांत तू शपथा घेतल्यास की मी खांडबाऱ्याला आलोच नव्हतो, तो तुम्हीच पाठवलेल्या पोत्यातला खेकडा आहे. बाकी सगळ्यांत एकच प्रश्न. आई ते खेकडे कोणाकडून घेते? तिला विचारलं तर म्हणते, बायकोला विचार. सरांना तसे आणखी हवेत, एकावर नवी जात ठरत नाही. नवनीत म्हणाला खांडबाऱ्याहून आणले, म्हणून तेच ठिकाण टाकलं. आता बाजारात सगळ्यांना विचारून झालं, तशा रंगाचा खेकडा कोणाकडेच नाही. पाऊस सरला की ते बिळात जातील आणि वर्ष वाया जाईल. प्रिस्किला, फोन उचल. प्रिस्किला, प्लीज.

म्हणजे जगात हे एकाच माणसाला माहीत होतं आणि ते माणूस चर्चच्या पायऱ्यांवर बसून तुझ्यावर जळत होतं. मला हसू आलं. मग हसू गेलं.

कारण एक गोष्ट उरते. तू तिच्याबरोबर आला नव्हतास, ते कळलं, छातीवरचा दगड उतरला. पण 'गोळा करणारे' म्हणून तुमची दोघांची नावं आहेत. आईने बाजारातून घेतले असतील, असं तू धरून चाललास. पोतं कुणी बांधलं, पानं कुणी घातली, हे तुला वर्षभरात विचारावंसं वाटलं नाही. मयूरीवर मी उगाच जळले असेन. यावर मात्र माझं जळणं बरोबर आहे.

ओहळ कुठला, ते अजून सांगत नाही.

प्रिस्किला


चिंचपाडा
रविवार, १७ ऑगस्ट

दानियल,

परवा झेंडावंदन झालं आणि मुख्याध्यापकांनी हाक मारली, तुमचा फोन आहे, पुण्याहून. मला वाटलं तूच. घ्यायचा नाही म्हणून मुलींना खाऊ वाटत राहिले. ते म्हणाले, बाई बोलतेय.

"वहिनी, मी मयूरी. फोन ठेऊ नका, तुमले देवनी आन शे."

ही मला अहिराणीत बोलेल असं वाटलं नव्हतं. माझ्या मनातली मयूरी कायम इंग्रजीत बोलायची.

म्हणाली, "ती नोंद मी भरी व्हती. पहिला नमुनासनी माहिती तशीच चिटकाडी दिधी, त्यामा आमनं दोन्हीसनं नाव व्हतं. ते बदलानं मन्हा ध्यानमाच नही ऱ्हायनं. चूक मन्ही शे वहिनी, त्यासनी नही. तुमनी चिठ्ठी उनी तथपाईन ते जेवतस बी नही."

मी म्हटलं, "बरं होईल, पोट सुटलंय."

ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक सांगू का? ते खेकडा उनात त्या दिन मेसमा यास्नी सोता शिजाडात. इतला वास सुटना! मी म्हनं, माले बी एक नांगी द्या. नही दिधी! म्हने, मन्ही बायकोनी धाड्यात. एकलाच कोपरामा बसना आनि समदा खाई गया. एक धाकला रंगवरी निराळा दिखना, म्हनीसन तेवढाच अल्कोहोलमा गया."

मी तिला म्हटलं, घंटा झाली, वर्गावर जायचंय. घंटा झाली नव्हती.

तर आता नीट ऐक. पाऊस अजून आहे, ओहळाला पाणी आहे. पुढच्या शनिवारी ये. मयूरीलाही आण, तिला ब्राह्मणपुरीला जाता जाता एक दिवस वाकडी वाट करायला काही हरकत नाही. ओहळात पुढे मी चालेन. कोणता दगड उलटायचा ते मी सांगेन. तुमच्या बाटल्या तू धर.

पुण्याला गेल्यावर पहिलं काम, ती नोंद दुरुस्त करायची. ज्यांनी दिली त्यांनाच ती सुधारता येते, हेही मी वाचलंय, नाहीतर तुम्हाला विचारलंच नसतं. ठिकाण चिंचपाडा. तारीख ९ नाही, ८ जुलै. त्या दिवशीच्या अंगठ्याच्या फोटोवर तारीख आहे, बघून घे. गोळा करणारी: पी. गावित. एकटीच. ज्या दिवशी ते नाव तिथे दिसेल त्या दिवशी मी फोन उचलेन. पायऱ्यांवर बसून रोज बघत असते, तेव्हा फसवायचं मनात आणू नकोस. आणि ब्लास्टचं काही अडलं तर मला विचार. तुला काय करायचंय, असं मी म्हणणार नाही.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मागच्या वर्षीच मी म्हणत होते, अंगठा कशाने झाला ते त्याला लिही. तुझी आई फार लक्षात ठेवते.

मयूरीला मी पोटभर जेवायला घालीन. खेकडे शिजवीन, तिच्या ताटात पहिल्यांदा वाढीन, मोठ्या नांग्या तिला देईन. मुलगी मनाने चांगली आहे, तिच्यावर डूख धरल्याची मला लाज वाटते. चर्चमध्ये आज त्यासाठी क्षमाही मागितली. पण मागच्या वेळी तिने मागूनही तू तिला एक नांगी दिली नाहीस, हे ऐकल्यापासून मी वर्गात, वाटेने, चुलीपाशी एकटीच हसते आहे. हे चांगल्या बाईचं लक्षण नाही, मला कळतं.

बरं केलंस.

सलाम.

तुझी
प्रिस्किला